राखीव जंगलात हिरड्याची पाटी

लढाईच्या दिवसांत कुणा साहेबानं वर्तमानपत्रात नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या राखीव जंगलाची तोंड भरून स्तुती केली होती. ती वाचून, बेलापुरातल्या आमच्या मिशनच्या शाळेला सुट्टी लागताच मी आणि माझी बायको मार्था निघालो. दोघंही शिक्षक, छापलेलं खरं मानायची आम्हाला खोडच.

संगमनेरहून मोटार मिळाली. पेट्रोल नाही, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची शेगडी जोडलेली, तिच्या धुरावर ती चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. भाडं मात्र पूर्ण. राजूरपासून पुढे पायी. जाणार असाल तर भाकरी बरोबर घ्या. वाटेत चहा मिळतो, पण त्याला चहा म्हणायची सक्ती नाही.

हद्दीवर सरकारी नंबराचा दगड आणि दगडापलीकडे तोडलेल्या झाडांचे खुंट. मैलभर नुसते खुंट आणि कोळशाच्या भट्ट्यांचे काळे डाग. आमची मोटार काय जाळत आली, ते तिथं कळलं. साहेबानं बहुधा बंगल्याच्या व्हरांड्यातूनच जंगल पाहिलं असावं.

ओढ्यापलीकडे मात्र खरं रान लागलं. हिरडा, जांभूळ, कवेत न मावणारे आंबे. खाली पडलेले हिरडे ठकूबाई नावाची डोंगरकोळ्यांची म्हातारी पाटीत वेचत होती.

"हे कसं वाचलं?" मी विचारलं.

"देवाचं रान हाय. आमी काडी न्हाई मोडीत. सरकारचं हुतं, ते सरकारनं खाल्लं."

एवढ्यात जंगलाचा रखवालदार आला. माझी हॅट बघून त्यानं मला सलाम ठोकला आणि म्हातारीच्या पाटीला हात घातला. "पास न्हाई. चोरी हाय ही."

मार्थानं पाटीची दुसरी कड धरली. "मागचं मैलभर रान कुठल्या पासावर तोडलं?"

रखवालदार माझ्याकडे बघू लागला. साहेब काय म्हणतात, याची तो वाट बघत होता. एका शब्दाचं काम होतं. मी मान वर करून जांभळीची उंची मोजत राहिलो.

"बाईसाहेब म्हनत्यात म्हनून," असं पुटपुटत शेवटी त्यानंच पाटी सोडली. ठकूबाईनं मार्थाच्या ओंजळीत मूठभर हिरडे घातले. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

शाळा उघडल्यावर हेडमास्तरांनी मला मुलांपुढे प्रवास सांगायला उभं केलं. मी झाडांची नावं सांगितली, उंच्या सांगितल्या, साहेबाची भरपूर टिंगल केली. मुलं हसली.

मागच्या बाकावरून मार्था म्हणाली, "पाटीचं सांगा की."

मी हॅट काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही.