समुद्रापार गेलेला आक्काचा भाऊ

परदेशातल्या भाचीने हौसेने दिलेली, पूर्वज शोधायची लाळेची चाचणी मी करून टाकली आणि विसरलेही. दोन वर्षांनी तिकडच्या एका बाईंचा ईमेल आला. फार पूर्वी एका किनाऱ्यावर बेवारस माणसाचे अवशेष सापडले होते. अशांची ओळख पटवण्याचं काम त्या करत. त्याचा डीएनए माझ्याशी थोडासा जुळत होता. माझ्या पणजोबांच्या भावंडांच्या पुढच्या पिढ्यांत कोण कोण, असं त्यांनी विचारलं होतं.

मला काय ठाऊक? मी मांजर्लीला आत्याकडे गेले. गहू निवडता निवडता तिने चार पिढ्या धडाधड सांगितल्या, मी कागद भरत गेले. मग ती एकदम थांबली.

"समुद्रावर गेलेला एकच. खरवईच्या आक्काचा भाऊ. बोटीवर नोकरीला होता. एका बंदरात उतरला तो परतलाच नाही. गोऱ्या बाईशी लग्न करून राहिला म्हणतात."

आक्का ऐंशीच्या पुढची. तिच्या लाळेवरून नक्की कळणार होतं, म्हणून चाचणीची नळी मागवली. आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, मिश्रीही लावायची नाही, म्हटल्यावर ती चिडलीच.

"थुकायला पन मुहूर्त लागतो काय?"

वेळ झाली, तर तोंडाला कोरड. मग आत्याने कैरीच्या लोणच्याचं असं रसभरीत वर्णन केलं की आम्हा तिघींच्याही तोंडाला पाणी सुटलं. नळी भरली एकदाची.

उत्तर आलं ते सांगायला आम्ही दोघी गेलो. तो तिचा सख्खा भाऊच होता. अवशेष सापडल्याची तारीख पाहता, बोटीवरून उतरल्यावर काही दिवसांतच तो वारला होता.

आक्काने आधी एकच विचारलं.

"म्हंजे लगीन नव्हतं केलं त्यानं?"

"नाही, आक्का."

"म्हंजे मला इसरला नव्हता." तिने पदराने डोळे पुसले आणि अचानक हसायलाच लागली. "आनि मी मेली जन्मभर त्या गोरीला शिव्या घालत बसले!"

भावाच्या नावाने तिने जेवण घातलं. माझ्या कागदावरची निम्मी माणसं अंबरनाथ-उल्हासनगरहून आली, एकमेकांना नाती विचारत पंगतीला बसली. त्याला बेवारस म्हणून पुरलं होतं त्या कबरीवर तिकडच्या बाईंनी त्याचं नाव कोरून फोटो पाठवला होता. आक्काने तो सगळ्यांना दाखवला आणि वाढता वाढता मला बाजूला घेतलं.

"पासपोर्टला काय काय कागद लागतात गं?"