आरशात बघून बोला

उस्तादांच्या सलूनचा एकच कायदा. खुर्चीतल्याने मान वळवायची नाही. "हंऽऽ, मान सरळ! आरशात बघून बोला." कान शाबूत हवा असेल तर पाळावा लागतो. पण जन्मभर असं काचेतून बोलून उस्तादांचीच पंचाईत झाली. कोणी समोरासमोर उभं राहिलं की त्यांची बोबडी वळे.

मध्यंतरी उस्ताद उदास झाले. गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं कापून खिडकीबाहेर बघत राहायचे. "उरलेलं उद्या का हो?" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी हसू नाही. बायकोने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रोजची गोळी सुरू झाली, गुण आला. उस्ताद पुन्हा शीळ घालत कात्री चालवू लागले.

फक्त अंथरुणात शरीर ऐकेना. बायको जवळ सरकली की हे भिंतीकडे तोंड करणार. "आज पाठ धरलीय." मग मान, मग गुडघा, धरायला अवयव उरेना. शेवटी उस्तादांनी अक्कल चालवली आणि कोणाला न सांगता गोळी सोडून दिली. थोड्याच दिवसांत डोकं गरगरू लागलं, शीळ गेली, खिडकी परत आली.

सुट्टीच्या दिवशी बायको सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसली. तिचे केस तेच कापायचे.

"जरा बरे कापा. निदान बघवेल तरी तुम्हाला."

"म्हणजे?"

ती गर्रकन वळली. उस्तादांच्या तोंडून सवयीने निघालं, "हंऽऽ, मान सरळ!"

"बरं, सरळ. आता सांगा, दुसरी कोणी आहे की मीच नकोशी झाले?"

आरशातल्या बायकोचे डोळे भरले होते. तिच्याशी मात्र उस्तादांना बोलता आलं.

"तू नाही गं. ती गोळी. तिने मन ताळ्यावर आणलं आणि बाकीचं सगळं झोपवलं. म्हणून सोडली."

"सोडली? म्हणून असे भूत लागल्यासारखे बसता होय! आणि मी मेली रोज वजनकाट्यावर चढतेय. बाईंना सांगितलंत?"

"बाईमाणसाला कसं सांगू?"

"मग मी कोण, पैलवान?"

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. बाईंनी "बोला" म्हटलं आणि उस्तादांची जीभ टाळ्याला चिकटली. तेवढ्यात त्यांना बेसिनवरचा आरसा दिसला. हात धुवायचं निमित्त करून ते उठले, नळ सोडला आणि आरशातल्या बाईंना सगळं सांगून टाकलं.

आरशातल्या बाई जराही दचकल्या नाहीत. "या गोळीने बऱ्याच पुरुषांना होतं हे. लाजून सांगत नाहीत आणि परस्पर गोळी सोडतात, तेच वाईट. डोस कमी करून बघू, नाहीतर दुसरी गोळी देऊ. उपाय आहे, पण वेळ लागेल."

"झालं ना सांगून?" बायको खुर्चीतून म्हणाली. "मग तो नळ बंद करा."

उस्तादांनी नळ बंद केला, ओले हात पँटला पुसले आणि वळले.

"वेळ म्हणजे किती, बाई?" त्यांनी विचारलं. थेट बाईंकडे बघून.