नाथाजीतात्या पहिल्यांदा जिंकले

पलूस अजून तीन मैल होतं आणि नाथाजीतात्या तिसऱ्यांदा थांबले. चपलेत खडा गेला म्हणत त्यांनी बांधावर बूड टेकलं. साळूबाईला त्या खड्याचाच संशय आला. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला तिचा हा चुलता शनिवारी पलूसच्या वाटेला लागला की तिला मागं पळायला लावी. ती मारुतीला तेल घालायला जाई आणि ते भूपालअण्णांकडं बुद्धिबळाला. अण्णा जैन बागाईतदार, पटावर कुणाला न ऐकणारे. पासष्ट साली दोघांनी पट मांडला, त्याला अकरा वर्षं झाली. तात्या एकदाही जिंकल्याचं गावानं ऐकलं नव्हतं. "हवालदार, आज कितव्यांदा शरण?" असं पारावरची माणसं विचारायची. "मोजदाद तुमीच ठेवा," म्हणून तात्या हसत पुढं जायचे.

"तात्या, खडा दावा बघू," साळूबाई म्हणाली.

"न्हाई खडा. परत फिरूया का?"

"का वो?"

"गेल्या शनवारी मी जिकलो."

साळूबाई त्यांच्या शेजारीच बसली. "आन् आठ दिस गप ऱ्हायलाय? आवं, गावात गूळ वाटायचा सोडून."

"कशाचा गूळ? त्यानं सोडला डाव. मला हिवताप येऊन गेल्ता, कीव आली आसंल त्याला. वजीर माझ्या घोड्याम्होरं आणून ठिवला बघ, ताटात वाढल्यागत. आसं करणार आसंल तर मला त्याच्यासंगं खेळायचंच न्हाई."

"जिकलात त्ये जिकलात की. एवढं हरून कटाळा न्हाई येत?"

"कटाळा कशाचा? हरलो की घरापत्तूर डाव डोसक्यात परत मांडतो. कुटं उंट चुकला, कुटं प्यादं घाईनं सारलं. वड्यापाशी आलो की चूक घावतीया. मग म्होरल्या शनवारपत्तूर लय मज्जा. त्या दिशी जिकलो आन् नुसताच चालत आलो. डोसक्यात काय न्हाई."

साळूबाईला हसू आलं, पण तात्यांचं तोंड बघून तिनं ते गिळलं. अकरा वर्षांचा शनिवार एका जिंकण्यापायी मोडायला निघाला होता.

"किती वाजता सोडला त्येनी डाव?"

"मावळतीला. तवर मी तग धरला हुता. एरवी माझा राजा चारच्या चहाआदीच मरतोय. त्या दिशी आतनं चंदनबालावैनी दोनदा हाका मारत्यात, ह्यो नुसता आलो आलो म्हणतोय."

"तात्या, दिवस बुडल्यावर जेवत्यात का अण्णा?"

सूर्य मावळला की अण्णांच्या घरी सकाळपर्यंत कुणी अन्नाला हात लावत नाही, हे तात्यांना काय ठाऊक नव्हतं? पण पटावर बसल्यावर कुणाला ध्यान राहतं.

"म्हंजी त्यो भुकेनं घाईला आल्ता," ते म्हणाले. "कीव न्हवती ती."

ते उठले, धोतर झटकलं आणि असे सुटले की साळूबाईनं चालता चालताच मनात मारुतीला हात जोडले. झालेली जीत त्यांनी त्या बांधावरच रद्द करून टाकली होती.

पलूसची घरं दिसायला लागली तसे ते मागं वळले.

"साळू, एक काम कर. पोचल्या पोचल्या आत चुलीपाशी जा आन् वैनीस्नी सांग, आज अण्णाला चार वाजताच पोटभर वाढा. मग मला निवांत हरवू दे."