ॲम्ब्रोज थॅकरची काठी

आमच्या नेदरकोम गावात ॲम्ब्रोज थॅकरसारखं गोल चाक कुणी केलं नाही, आणि त्याच्यासारखा वाकडा माणूसही दुसरा झाला नाही. राणी गेली आणि स्कॉटलंडचा जेम्स येऊन गादीवर बसला, त्या सुमाराची ही गोष्ट. राजे बदलले, पण ॲम्ब्रोजची भांडणं बदलली नाहीत.

धंद्यात मात्र त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. चाकाचा मधला तुंबा एल्मच्या लाकडाचा, आरे ओकचे, कडेचे पाटे ॲशचे. लाकूड वर्षानुवर्षं छपराखाली वाळवायचं आणि मगच हात लावायचा. घाईचं गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "घाई असेल तर पाठीवर वाहून ने." लाकूड वाळवायला धीर लागतो. तो सगळा धीर त्यानं लाकडावरच खर्च केला, माणसांसाठी काही उरला नाही.

शेजारच्या गाइल्स पोमफ्रेशी त्याचं भांडण कुंपणावरून होतं. गाइल्सचं कुंपण वीतभर पुढं आलंय असं याचं म्हणणं. माझ्याशी चर्चमधल्या बाकावरून. त्या बाकावर थॅकर घराणं बसत आलंय, असं सांगून त्यानं मला धर्मखात्याच्या कोर्टात खेचलं होतं. गिरणीवाल्याशी पिठावरून, मेंढपाळाशी कुत्र्यावरून, आणि एका दमेकरी म्हातारीशी तर ती प्रवचनात खोकते म्हणून. रविवारी हाच माणूस गुडघे टेकून देवाला सांगायचा, "जशी आम्ही इतरांस क्षमा करतो, तशी आम्हांस कर." देवानं शब्द पाळला असेल तर ॲम्ब्रोजचं काही खरं नाही.

पहिली बायको टोबायस नावाचा मुलगा ठेवून गेली. दुसरी थॉमसिन. तिला मूल झालं नाही, आणि ते ऐकवायचं ॲम्ब्रोज कधी विसरला नाही. वाळत घातलेलं लाकूड उलटंपालटं करायचं तिनं. लोखंडी पट्ट्या चाकावर ठोकताना निखारे सांभाळायचे तिनं. गिऱ्हाईक भांडून निघालं की त्याला घरची एल बिअर पाजून परत बसवायचं तेही तिनंच. गावात म्हण होती, चाक ॲम्ब्रोजचं, पण फिरतं थॉमसिनमुळं. टोबायस तिला गरज असली की 'आई' म्हणायचा, नसली की 'ती'.

हिवाळ्याच्या तोंडावर ॲम्ब्रोजच्या छातीत पाणी झालं. पाद्रीबुवांना बोलावून त्यानं मृत्युपत्र लिहून घेतलं. आत्मा देवाला, देह चर्चच्या आवाराला, आणि घर, कारखाना, हत्यारं, लाकूड टोबायसला. मग आली बायको. तिला माळ्यावरची खोली, चुलीपाशी बसायची मुभा, विहिरीपर्यंत जायची-यायची वाट, आणि सुनेचं भाजून झालं की भट्टीत भाकर भाजायचा हक्क. तोही ती विधवा राहील आणि तोंड आवरून वागेल तोवर. जिनं तो विस्तव जन्मभर पेटवला, तिला त्याच्याशेजारी बसायची मेहेरबानी! पाद्रीबुवांनी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही.

पण गाडं अडलं होतं. आमच्याकडं हत्यारं, भांडी, लाकूड कागदावर लिहून देता येतं. घर देता येत नाही, कारण कूळ आपण असलो तरी मालक जहागीरदार. घर मृत्युपत्रानं जावं असं वाटत असेल तर आधी काठी सोडावी लागते. कूळ चालतंफिरतं असेल तर जहागीरदाराच्या कचेरीत कारभाऱ्याच्या हातात, अंथरुणाला खिळलं असेल तर गावातल्याच दोन कुळांच्या हातात. एक टोक आपण धरायचं, दुसरं त्या दोघांनी, चार शब्द बोलायचे आणि काठी सोडून द्यायची. नाही सोडली तर घर वहिवाटीनं बायकोकडं जातं.

हे ॲम्ब्रोजला पाळण्यापासून माहीत होतं. धडधाकट होता तेव्हा टोबायसनं आठवण केली, तर म्हणाला, "माझ्या मरणाची घाई झालीय का तुला?" आता घाई झाली, तर काठी धरायला दोन कुळं मिळेनात. टोबायस दारोदार हिंडला. गिरणीवाला म्हणाला, "पीठ दळतोय." मेंढपाळ म्हणाला, "कुत्र्याला विचारून सांगतो."

शेवटी थॉमसिनच माझ्या दारात आली.

"ह्यू, चला. आणि गाइल्सभावजींनाही घ्या."

मी म्हटलं, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्यानं काठी सोडली की तू माळ्यावर गेलीस म्हणून समज."

"माहीत आहे."

"मग?"

"बायकोनं मरत्या माणसाची वाट अडवली, असं कुणी म्हणायला नको. बोलावणं माझं काम, सोडणं त्यांचं." तिनं शाल आवळली. "त्यांनी आजवर काय सोडलंय?"

मी टोपी घातली.

आम्ही गेलो तेव्हा ॲम्ब्रोज उशांना टेकून बसला होता. हातात ॲशची काठी, त्यानं स्वतः तासलेली. एका बाजूला पाद्री, पायाशी टोबायस, आणि दारात थॉमसिन.

गाइल्स म्हणाला, "काय ॲम्ब्रोज, कसं काय?"

"मरतोय. दिसत नाही?"

"दिसतंय. जरा उशीरच केलास."

"गाइल्सकाका, पाया पडतो, आज नको," टोबायस म्हणाला. "बाबा, काठी द्या."

ॲम्ब्रोजनं काठी पुढं केली. गाइल्सनं हात पुढं केला. आणि काठी मागं गेली.

"आधी कुंपण मागं घेतो म्हण."

"कुंपण माझ्या आजोबांनी लावलंय."

"तुझा आजा चोर होता."

"आणि तुझा आजा त्याच्याबरोबर कंदील धरून उभा होता!"

पाद्रीबुवा मध्ये पडले. "बंधूंनो, शास्त्र सांगतं, शेजाऱ्यावर प्रेम करा."

"तुम्हाला काय जातंय सांगायला?" ॲम्ब्रोज धापा टाकत म्हणाला. "तुमच्या शेजारी कबरी. त्या कुंपण सरकवत नाहीत."

मग त्याची नजर माझ्यावर आली. "आणि हा कशाला आलाय? माझ्या बाकावर बसून ढुंगण गरम करणारा! याच्या हातात मी माझं घर देऊ?"

"घर मला नको, ॲम्ब्रोज," मी म्हटलं. "काठी धरतो, मुलाला मिळेल. तुझ्या बाकाला लाकडाची कुसळं निघालीत, तो तूच घे."

टोबायस रडकुंडीला आला. "बाबा, तुम्हाला फक्त मूठ उघडायचीय! मूठ!"

"बरं," ॲम्ब्रोज म्हणाला. पुन्हा काठी पुढं केली. मी थॉमसिनकडं पाहिलं. तिची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. गाइल्सनं परत हात पुढं केला, पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, आणि ते ॲम्ब्रोजनं पाहिलं. मरणाऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. काठी वर गेली आणि फाडकन गाइल्सच्या बोटांवर आली.

"चोरा!" ॲम्ब्रोज ओरडला, खोकला, आणि मागं कोसळला. परत उठला नाही.

गाइल्स बोटं तोंडात घालून नाचत होता, पाद्री प्रार्थना म्हणत होता, आणि टोबायस बापाच्या छातीवर पडून रडत होता. रडता रडता एका हातानं तो मुठीतली काठी ओढत होता. ती निघाली नाही. थॉमसिननं पुढं होऊन नवऱ्याचे डोळे मिटले, मग टोबायसचा हात बाजूला केला. "राहू दे आता," म्हणाली.

दफन झालं. लगेच जहागीरदाराचा माणूस आला आणि गोठ्यातली एकुलती एक गाय घेऊन गेला. कूळ मेलं की चांगलं जनावर मालकाचं, अशी रीत आहे. गरीब मेला की श्रीमंताचं वाटोळं होऊ नये, याची आमचे कायदे फार काळजी घेतात.

कचेरी भरायच्या आदल्या दिवशी टोबायस माझ्याकडं चीज घेऊन आला.

"ह्यूकाका, काठी तुम्हाला थोडी तरी लागली असेल ना?"

"नाही बाबा."

"जवळून तर गेली ना? वारा तरी लागला असेल."

"वारा लागला. तो घेऊन जा हवा तर." चीज मी परत दिलं. चांगलं होतं, अजून हळहळ वाटते.

कचेरी जहागीरदाराच्या कोठारात भरते. कारभारी उंच स्टुलावर, बारा पंच पोत्यांवर. टोबायस उभा राहून म्हणाला की बाबांची काठी गाइल्सकाकांच्या हाताला लागली हे सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा काठी दिली गेली आणि घर माझं. थॉमसिन काळ्या शालीत एका कडेला उभी. पाद्री टोबायसच्या बाजूनं मान डोलवत होता.

कारभाऱ्यानं विचारलं, "गाइल्स पोमफ्रे, तू काठी धरलीस का?"

"धरली असती तर मार खाल्ला असता का, साहेब?" त्यानं सुजलेली बोटं वर केली. पंच हसले.

"आणि तू, ह्यू?"

"काठी माझ्यापर्यंत आलीच नाही, साहेब. मला फक्त शिव्या मिळाल्या."

पंचांचा म्होरक्या गिरणीवालाच होता. त्यानं इकडंतिकडं फारसं विचारलं नाही. म्हणाला, "मारलेली काठी आणि सोडलेली काठी एक नव्हे. ॲम्ब्रोजला पुरताना ती मुठीतून काढायला आम्ही तिघं लागलो. त्यानं सोडली असं आम्ही शपथेवर कसं सांगू?"

निकाल झाला. घर आणि कारखाना थॉमसिनकडं, ती एकटी राहील आणि नीट वागेल तोवर. हे शेवटचं वाक्य कारभाऱ्यानं दोनदा वाचलं. टोबायसला घर मिळालं असतं तर त्यानं कुणाच्या अंथरुणात शिरावं हे विचारायला बारा माणसं पोत्यांवर बसली नसती. छप्पर बाईला, आणि छपराखाली डोकावायचा हक्क आमच्या गावाला! वहिवाट म्हणे. पण थॉमसिननं मान झुकवली आणि घर दिल्याची खूण म्हणून कारभाऱ्यानं पुढं केलेली काठी धरली. घट्ट धरली.

टोबायसला मृत्युपत्रानं हत्यारं मिळाली, लाकूड मिळालं. ठेवायला जागा नाही. बापाचाच बेटा तो, थॉमसिनला विचारायची लाज वाटली. गाडी आणली, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड बाहेर काढून रस्त्यावर रचायला लागला. आभाळ भरून आलेलं. अख्खा गाव बघायला जमला.

"भिजलं की फुगेल रे," गाइल्स कुंपणावरून ओरडला.

"फुगू दे! माझं आहे!"

टोबायसची बायको प्रुडन्स गाडीपाशीच उभी होती. आता तिनं गाडीच्या दुसऱ्या बाजूनं एक एल्मचा ओंडका उचलला आणि परत आत नेला. हा बाहेर काढतोय, ती आत नेतेय. थोड्या वेळानं टोबायसच्या लक्षात आलं.

"काय चालवलंयस?"

"पोरांना काय खायला घालू, तुमचा मान?" ती म्हणाली आणि दारातून आत ओरडली, "सासूबाई, हा कुठं ठेवू?"

"खाली ठेव. ओक वर," थॉमसिनचा आवाज आला.

टोबायस ओंडक्यावर बसून राहिला. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा उठला, उरलेलं लाकूड आत नेलं, आणि स्वतःही गेला. थॉमसिननं दार लावून घेतलं, त्यामुळं काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. गावाला हे फार लागलं.

सकाळी करवतीचा आवाज ऐकून आम्ही मागच्या बाजूला गेलो. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकलेला. अशी करवत दोघांनी ओढायची असते. वरचा रेघ बघून चालवतो. खालचा खड्ड्यात उभा राहून नुसता ओढतो, आणि सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत जातो. ॲम्ब्रोजच्या काळात खड्ड्यात कोण उभं असायचं ते सांगायला नको.

वर, स्कर्ट खोचून, थॉमसिन उभी होती.

"सरळ ओढ," ती खाली वाकून म्हणाली. "आणि तोंड मीट, भुसा जातो."

"हो, आई," खड्ड्यातून आवाज आला.