आईला गच्चीवर नेलं तेव्हा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — कारणबिरण काही नाही, सांगतोय.

मला उंचीची भीती वाटते. साधीसुधी नाही — दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायचे म्हटलं तरी मी सतरा सबबी सांगतो. पन्नाशीच्या माणसाने हे कुणाजवळ बोलायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकून ठेवली. इथवर हसण्यासारखंच आहे. हसा खुशाल.

तर एमपी नगरातल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरून शहर बघायची सोय झाली. तिकीट काढा, लिफ्टने वर जा, भोपाळ बघा. आईने पेपरात वाचलं आणि माझ्या मागे लागली. लग्न होऊन नागपूरहून आली ती थेट भोपाळच्या सोनागिरी वस्तीत, बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी. म्हणाली, "अख्खा जन्म या गावात गेला, पण पाहिलं ते सगळं तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मागे बसून. एकदा वरून पाहू दे ना रे."

एवढंच मागितलं होतं. मी काय म्हटलं? गच्ची बंद आहे, काम चाललंय.

पुढच्या हिवाळ्यात तिने पुन्हा विचारलं. पुन्हा बंद. पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळते, नंतर सरावते. बायको "मी नेते" म्हणाली असती, म्हणून तिलाही तेच सांगून ठेवलं. किती पक्कं काम, नाही?

आणि त्याच काळात आईची नजर चालली होती. काचबिंदू. हे मला माहीत नव्हतं असं नाही — डॉक्टरांकडे मीच तिला नेत होतो. गेलेली नजर परत येणार नाही, औषधांनी फार तर थोडा वेळ मिळेल, असं त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. तो वेळ मी सबबींमध्ये घालवला.

शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागल्यावर ती म्हणाली, "आता तरी ने." आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

लिफ्टपाशी गार्ड होता. आईने त्याला सहज विचारलं, "भैया, काम पूरा हो गया ना? बहुत दिन बंद थी छत."

"बंद? नहीं अम्मा, जब से खुली है, रोज़ चालू है."

मी लिफ्टचं बटण दाबत राहिलो. आईने चाचपडत माझा हात धरला आणि त्याला म्हणाली, "मेरे ही सुनने में गलती हुई होगी."

वर पोचताच मी भिंतीला पाठ लावली, डोळे गच्च मिटले आणि — हेही सांगायलाच हवं — मिटल्या डोळ्यांनीच तिला शहर सांगू लागलो. उजवीकडे तलाव आहे, त्यात होड्या आहेत...

"तलाव पश्चिमेला ना, मग डावीकडे असेल," आई म्हणाली. "संध्याकाळ झाली ना, ऊन डाव्या गालावर येतंय माझ्या. आणि हात किती घामेजलाय तुझा! भीती वाटते तर सांगायचं ना रे, बाप्पा. उघड डोळे. मी धरलंय तुला."

ती रागावली नाही. एका शब्दाने लागेलसं बोलली नाही. त्या हाताचे उपकार मी कसे फेडू? मी डोळे उघडले, तरी तिने हात सोडला नाही. तलाव खरंच डावीकडे होता. त्याच्या अलीकडे कोटरा वस्तीची दाटीवाटीची घरं. मागे वळून सोनागिरी शोधली — झाडांमध्ये बुडालेली. मी एकेक सांगत गेलो, ती मान हलवत राहिली.

घरी आल्यावर मी श्रावणबाळ झालो. मावशी, शेजारी, बायको — जो तो म्हणे, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी ते सगळं गोड मानून घेतलं. आई पलंगावर बसली होती. "हो, नेलं बाई त्याने," एवढंच म्हणाली, आणि शेवटपर्यंत कुणाला काही कळू दिलं नाही. तिच्यासारखी आई मिळाली, हे भाग्य माझं होतं. त्यांनी ते उलटं मोजलं आणि मी मोजू दिलं.

त्या संध्याकाळी तलावावर ऊन उतरलं होतं. शहर फार देखणं दिसत होतं. ते तिला बघायचं होतं. बघितलं मी. आणि खरं सांगू? — मला फार आवडलं.