उर्सुलाने घेतलेले नाव

माझ्या बायकोची थोरली बहीण उर्सुला ठाण्यात सुईण होती आणि आमच्याच घरी राहत असे. तिच्याविषयी माझ्यापेक्षा माझी बायको ॲनी जास्त सांगू शकेल. पण तिला अक्षर येत नाही, म्हणून मी लिहितो. जमेल तसे लिहितो.

उर्सुलाला बोलावणे सगळीकडून येई. आमच्या ख्रिस्ती वाडीतून येई, तसे माजिवड्याच्या आगरी शेतकऱ्यांकडूनही येई. आम्हा लोकांत एक रीत आहे. जन्मलेले मूल जगत नाही असे दिसले आणि पाद्रीबाबांना आणायला वेळ नसला, तर सुईणीने त्याच्या कपाळावर पाणी ओतून नाव घ्यायचे. तेवढ्याने बाप्तिस्मा होतो. नाव न घेताच गेलेल्या मुलाला देवळाच्या मातीत जागा नसते, भिंतीबाहेर पुरतात. म्हणून उर्सुला कुठेही गेली तरी आधी पाण्याची वाटी भरून ठेवी. अशा वेळी विचार करायला उसंत नसते. मुलगा असला की तिच्या तोंडी एकच नाव येई, तिच्या बापाचे, ग्रेगरी. देवळामागच्या कोपऱ्यात लहान लहान ग्रेगरींची ओळच झाली होती. विहिरीवर बायका म्हणत, "उर्सुला, तुझ्या बापाचा वंश बराच वाढला गं!" ती घागर उचलून चालू लागे.

माजिवड्याच्या हौसाबाईला पहिला मुलगा झाला तो भर दुपारी. मूल निळे पडले होते, रडेना. उर्सुलाने त्याला उलटे धरले, पाठीवर थापटले, तोंडात बोट घालून पाहिले. काही होईना. मग तिच्या हाताने नेहमीचे काम केले. वाटीतले पाणी कपाळावर ओतले आणि तिने नाव घेतले. घर कोणाचे, हे तिच्या ध्यानातच राहिले नाही. पाण्याने म्हणा, कशाने म्हणा, मूल रडले.

"काय बोललीस गं?" हौसाबाईने बाजेवरून विचारले.

"काय नाय. देवाचं नाव घेतलं."

बारशाला उर्सुला अंगणात उभी होती. आत पाळण्यात मुलाचे नाव सहदेव ठेवले. तिने घुगऱ्या पदरात घेतल्या आणि घरी आली.

पुढे पापनिवेदनाला गेली तेव्हा तिने हे पाद्रीबाबांना सांगितले. ते म्हणाले, "बाप्तिस्मा झाला तो झाला. तो पुसता येत नाही, मूल आता ख्रिस्ती आहे. मुलाच्या आईबापांना सांग, मग ये. तोवर क्षमा नाही, आणि ख्रिस्तप्रसादही नाही."

घरी येऊन ती ॲनीला म्हणाली, "सांगितलं तर त्या पोराला मांडीवर कोण घेईल? त्यांना जातीत कोण ठेवील?"

"मग नको सांगू. सांगितलं म्हण पाद्रीबाबांना."

"पापनिवेदनात खोटं बोलू? शहाणीच आहेस."

झाले ते एवढेच. दर ईस्टरला पाद्रीबाबा विचारीत, "सांगितलंस?" ती म्हणे, "नाही." सगळे प्रसादाला उठत तेव्हा ती बाकावर बसून राही. बायका कुजबुजत. कुणी म्हणे चोरी केली असेल, कुणी म्हणे कुणाचे तरी मूल मारले असेल. काही घरांनी तिला बोलावणे बंद केले. ती कुणाला काही बोलली नाही. आधी ती ॲनीजवळ रडे, नंतर तेही थांबले.

सहदेव मोठा झाला आणि आईबरोबर ठाण्याच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागला. उर्सुला त्याला नावाने हाक मारीत नसे. "अरे पोरा, वांगी कशी दिलीस?" असे विचारी.

"तुला फुकट, मावशे. आय सांगते, तू मना जीव दिलास."

"चल, भाव सांग मुकाट्यानं." पैसे टाकून ती निघे.

ठाण्यात प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी सहदेवचे लग्न ठरले तेव्हा हौसाबाई आमंत्रणाला आमच्या घरी आली. मी ओट्यावर होतो. आतले सगळे ऐकू येत होते.

"उर्सुलाबाय, बाजारात बायका बोलतान. तुना देवळात परसाद देत नाय म्हनं. का गं?"

ॲनीला राहवले नाही. "तुझ्या पोरापायी," ती म्हणाली.

मग हौसाबाईने हळू, पण अगदी नीट उच्चार केला, "ग्रेगरी."

उर्सुला म्हणाली, "तू ऐकलं होतंस?"

"बाजेवं व्हते, बहिरी नव्हते. तुमच्यात पानी कवा घालतान, त मना ठावं व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते त खरं झालं असतं." हौसाबाई उठली. "लग्नाला ये. त्याला मातर सांगू नको."

त्याच आठवड्यात उर्सुला पापनिवेदनाला गेली. पाद्रीबाबा तेच होते, आता थकलेले. तिने सांगितले की आईला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

"काय म्हणाली ती?"

"लग्नाला ये म्हणाली."

मग पाद्रीबाबांनी क्षमेचे शब्द म्हटले, असे उर्सुलाने नंतर सांगितले.

रविवारी ती बाकावरून उठली. शेजारच्या बायका चुकून उठली असे समजून तिच्याकडे बघत राहिल्या. ती पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि प्रसाद घेऊन परत आली. घरी येताना ॲनी वाटभर डोळे पुसत होती. शेवटी तिने विचारले, "कसं वाटलं गं?"

"काही वाटलं नाही," उर्सुला म्हणाली. "मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल."

सहदेवच्या लग्नाला ॲनी आणि मी गेलो. उर्सुलाने ताप आहे असा निरोप दिला. ताप नव्हता. त्याला कोणत्या नावानं आशीर्वाद देऊ, एवढंच ती ॲनीला म्हणाली होती. ती दिवसभर दारात बसून तांदूळ निवडत होती.