नाना ग्रुपवरच होते

मांजरसुंब्याच्या फाट्यावर पुण्याची बस यायला उशीर होता, म्हणून नानांनी मला धाब्यावर बळंच भजी खायला लावली. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. मी शाळेत असतानाच बाबा गेले. पुढं आईला आणि मला त्यांनीच सांभाळलं. आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, ते मला बॅगांसकट सोडायला आले होते. पुणे, मुंबई, मग जर्मनी. बस हलली तसे ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पोचलीस की ग्रुपवर टाक. म्हंजी सगळ्यांनाच कळंल."

तो आमच्या भावकीचा ग्रुप. नानांना टाईप करायला जमत नसे, ते बोलूनच पाठवत. तेही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशा आवाजात. लाइपझिगच्या ट्राममध्ये मी कानात इअरफोन घालून ते ऐकायची. बाहेर बर्फ असायचा आणि कानात तुरीला फुलं लागलेली असायची.

मग माझ्या कामानंच माझं डोकं फिरवलं. लोकांची खाजगी माहिती सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करते. कोण कुणाशी, कधी, कुठून बोलतं हे मोठ्या कंपन्या कसं साठवतात ते रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. आपली माणसं असल्या जागी बोलतात हे मला सोसेना. मी एक खुलं ॲप शोधलं. त्याचा कोड कुणीही वाचावा, त्याला मालक नाही, जाहिरात नाही. माझ्याच सर्व्हरवर ते बसवलं आणि ग्रुपवर सगळ्यांना कारण समजावून सांगितलं. कारण पटलं की माणसं येतील असं मला वाटलं होतं. बाहेर गेलेल्यांपैकी पुष्कळांना असं कधी ना कधी वाटतंच.

नाना आले. त्यांचा मुलगा बालाजी आणि त्याची बायकोही आली. नानांचा तिथला पहिला निरोप अजून माझ्याकडं आहे. ओरडणं नाही, अगदी हळू आवाज. "सुवर्णे, हितं लई शांत हाय गं. कुणीच न्हाई का? रिकाम्या घरात शिरल्यावानी वाटायलंय."

थोड्याच दिवसांत तिघंही परत फिरले. बालाजीचं केजला खताचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, "ताई, तुझं चांगलंच असंल. पण गिऱ्हाईक तिकडं, पोरांची शाळा तिकडं, सोयाबीनचा भाव तिकडं. हितं बोलावं कुणाशी?"

"आधी कुणीतरी यायला पाहिजे ना रे."

"आमी आलतो की. तूच एकटी होतीस."

मी चिडले. ग्रुप सोडला, तो ज्यावर होता ते मोठ्या कंपनीचं ॲपही फोनवरून काढून टाकलं. आईशी रविवारी साध्या फोनवर बोलणं चालूच होतं.

एका रविवारी नेहमीसारखा फोन लावला आणि बऱ्याच महिन्यांनी म्हटलं, "नानांना दे." आई म्हणाली, "आता आठवण झाली व्हय?"

नाना जाऊन चार दिवस झाले होते. शेतात छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

"मला कावून कुणी सांगितलं नाही?" मी ओरडले. इतक्या वर्षांनी तोंडातून गावचंच बोलणं निघालं.

"बालाजीनं ग्रुपवर टाकलं की. साऱ्या दुनियेला कळलं. म्या वाट बघत हुते तुझ्या फोनची."

मी ग्रुपवर नाही हे त्या धावपळीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मला कळलंय आणि तरी मी फोन केला नाही, असं समजून ती चार दिवस माझ्यावर रुसून बसली होती.

पूर्वी भावकीत कुणी गेलं की निरोप घेऊन नानाच निघायचे. मोटारसायकलवर गावोगाव, अगदी धर्मापुरीच्या आत्यापर्यंत. भांडून वेगळ्या झालेल्याच्या दारात तर मुद्दाम थांबायचे. ते काम ग्रुपनं घेतलं, आणि जो ग्रुपवर नाही त्याचं दार कुणाच्याच वाटेवर राहिलं नाही.

तेराव्याला मी गावी पोचले. दुपारी माणसं पांगल्यावर बालाजी माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं त्याचा फोन माझ्या हातात दिला. "तुझ्यासाठीचं हाय," म्हणाला.

नानांचे निरोप होते. मी ग्रुप सोडल्यानंतरचे, पार शेवटच्या आठवड्यापर्यंतचे. "सुवर्णे, शेळीला दोन पिल्लं झाली." "सुवर्णे, धर्मापुरीला गेलतो. देवळावर एक दगडाची बाई हाय, नाक अक्षी तुझ्यासारखं." "सुवर्णे, थंडी लई हाय का तिकडं? बोलंना झालीस." भरल्या ग्रुपमध्ये ते माझ्याशी बोलत राहिले होते, आणि मधेमधे बाकीचे त्यांना हसून उत्तर देत होते.

"मी तिथं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. दहादा सांगितलं. म्हणायचे, सगळे हितंच हायेत, तर ती जाईल कुठं? येईल, आल्यावर ऐकंल."

पण परत आलेल्याला मागचं काही ऐकू येत नाही, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. मी ते ॲप पुन्हा फोनवर घेतलं आणि बालाजीनं तिथंच मला ग्रुपमध्ये घेतलं. माझ्या फोनवर ग्रुप कोरा उघडला.

त्या कंपन्यांबद्दल मी चूक होते असं मला आजही वाटत नाही. माझा सर्व्हर चालू आहे. त्यावर मी आणि नानांचं ते एक हळू बोलणं. पण आता रोज संध्याकाळी मी ग्रुपवर बोलते. काय शिजवलं, ट्राम का थांबली. उत्तरं येतात. फक्त माझ्या कुठल्याच निरोपाखाली दुसरी खूण उमटत नाही. ती सगळ्यांच्या फोनवर निरोप पोचल्यावरच येते, आणि नानांचा फोन बालाजीनं बंद करून कपाटात ठेवलाय. त्यांचा नंबर ग्रुपमधून काढ, असं त्याला अजून कुणी म्हटलेलं नाही. मीही म्हणणार नाही. माझं घर आता तेवढंच आहे: जिथं आम्ही सगळे बोलतो आणि एकाला ते पोचायचं राहिलेलं असतं.